आईने ओळख दाखवली नाही

३ फेब्रु., मंगळ.
चहा की कॉफी, मावशीने विचारलं. अजून गडबडते. लहानाची मोठी मंडळाच्या आश्रमात झाले, तिथे सगळं गुरू, म्हणजे बाबाच ठरवायचे. कपडे, जेवण, लग्न. माझं लग्न ठरवलं तेव्हा निघाले, नाहूरहून थेट पार्ल्याला मावशीकडे. आई तिथेच राहिली.
आता बाहेरून दहावी. सत्ताविसाव्या वर्षी! भूमितीत वाट लागलीय.

८ फेब्रु., रवि.
मैत्रिणीकडून नोट्स आणायला मुलुंडला गेले, तिथल्या भाजीबाजारात आई. निघाल्यापासून पहिल्यांदाच दिसली. हाक मारायची होती, नाही मारली. अगदी समोरून गेली, माझ्याकडे बघत. थांबली नाही. बाहेर पडलेल्यांशी बोलायचं नाही, हा मंडळाचा नियम. माहीत आहे. तरी, आई...

९ फेब्रु.
मावशी चिडली. "तू तरी हाक मारायची ना!" मी म्हटलं, तिने तोंड फिरवलं.
पण फिरवलं कुठे? बघतच होती. आणि आधी भाजीवालीकडे मेथी की कोथिंबीर हे वास घेऊन, चाचपून...
तिला दिसत नाहीये.

१५ फेब्रु., रवि.
परत बाजारात. आज हाक मारली. दचकली. "कोण, मीना?" हात हवेत शोधत होता, मी धरला.
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. बाबा म्हणतात, तीर्थ घाल.
"माझीच श्रद्धा कमी पडतेय गं."
"डॉक्टरकडे चल."
"बाबा काय म्हणतील?"
"बाबांना चष्मा आहे ना, आई?"
निघायला वळली. हात सोडला नाही पण.

२५ फेब्रु.
आई आली! रिक्षाने, एकटी. मंडळात सांगून आली की बहीण आजारी आहे.
मावशी म्हणाली, "मला काय झालंय ते तरी सांग, म्हणजे तसं कण्हता येईल."
दोघी हसत सुटल्या. आईला असं हसताना मी पाहिलेलं आठवत नाही.

२७ फेब्रु., शुक्र.
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. नीट झालं. बाहेर बसून प्रमेय पाठ करत होते, एक ओळ डोक्यात शिरली नाही.

२८ फेब्रु.
पट्टी काढली. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.
"केस कधी कापलेस?"
मंडळात ते पाप. मी म्हटलं, मागेच.
"बरे दिसतात."
संध्याकाळी खिडकीत बसून समोरच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांचे रंग सांगत होती, आम्ही न विचारता. मग फोन वाजला. स्क्रीनवरचं नाव स्वतः वाचलं. "बाबा." मांडीवर ठेवला, वाजू दिला. थांबला.
"उद्या करते," म्हणाली.
काय सांगणार, विचारलं नाही मी. मावशीनेही नाही.