कोमेची शीळ

ताकाओका, १८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शोझोचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. बरणी उघडताच शेजारच्या किमुराबाई वासावर आल्या आणि निम्मं घेऊन गेल्या. कानाचं म्हणशील तर उरलंसुरलंही गेलं. नवं यंत्र नुसतं घूं घूं करतं, म्हणून काढून ठेवलं.

पत्राचं कारण असं. तुझ्या भावजयीच्या, हात्सुएच्या, जावा जातीच्या दोन्ही चिमण्यांना सहावं वर्ष लागलं. किमुराबाई म्हणतात, हल्ली पाखरांचाही विमा निघतो, काढून टाका. त्यासाठी दरमहा हप्ता, शिवाय आधी डॉक्टरांकडून तपासून आणायचं, आणि पाखरांचे डॉक्टर थेट कानाझावाला. नाहीतर तेच पैसे हात्सुएच्या चहाच्या डब्यात टाकत जायचे आणि वेळ आली की औषधपाण्याला वापरायचे.

त्यांतली आझुकी ठणठणीत आहे, काळजी कोमेची. ही पाखरं आल्यावर हात्सुए भांडी घासताना शीळ घालायला लागली, ती त्यानं उचलली. तोवर मला बारीक आवाज ऐकू येईनासे झाले होते, त्यामुळे ती शीळ मी कधी ऐकलीच नाही. पण तो गायला लागला की त्याचा गळा हलतो, मध्ये दोनदा थांबतो, आणि शेवटी तो एक उडी मारतो. ते मी रोज सकाळी बघतो. ती गेल्यावर तिचं म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं आहे. तुझा जन्म पाखरांत गेला, तू सांगशील तसं करीन.

लोभ आहेच, थंडीतही तो उबदार राहू दे.
तुझा,
शोझो

यातोमी, २४ नोव्हेंबर

चि. शोझोस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसू आवरेना. पाखरांचा विमा! आपल्या घरात माणसांपेक्षा चिमण्या जास्त होत्या, बाबांनी कधी एकीला तरी डॉक्टर दाखवला? पाखरू मलूल दिसलं की खोक्यात ठेवायचं, वर दिवा लावायचा आणि अंड्यात माखलेला राळा चारायचा. झालं औषध. शिवाय तुझी दोन्ही पाखरं एकसारखी पांढरी. आजारी कोण आणि बिल कुणाचं, हे कंपनीला काय कपाळ कळणार? कानाझावापर्यंत हिंदकळत नेलंस तर धडधाकट पाखरू धसक्यानं मरेल. मुकाट्यानं डब्यात पैसे टाक.

कोमेची शीळ मला चांगली माहीत आहे. वसंतात हात्सुएच्या वर्षश्राद्धाला आले होते, तेव्हा पहाटेपासून तेच तेच ऐकून कान किटले. शेवटी मी पिंजऱ्यावर टॉवेल टाकला. तुला ऐकू येत नाही हे त्या बाबतीत तुझं नशीबच समज.

जेवणाची हयगय करू नकोस. दटावलं तरी माया कमी नाही, हे तुला ठाऊक आहे.
तुझी,
ताई

ताकाओका, १ जानेवारी

ती. ताईस,
नव्या वर्षाचा सा. न.

गेल्या नववर्षाला हात्सुएचं वर्ष सरलं नव्हतं, म्हणून काही केलं नव्हतं. यंदा दाराला तोरण लावलं, तिच्या तसबिरीपुढे तांदळाच्या मोचीचा नैवेद्य ठेवला. आणि आनंदाची गोष्ट अशी, की सकाळी पिंजऱ्यावरची चादर काढली तर कोमे गोल गरगरीत होऊन बसलेला! मान नाही, पाय नाहीत, नुसता गोळा. आईच्या लग्नातल्या कमरपट्ट्यावर, त्या ओबीवर, तशाच फुगलेल्या चिमण्या विणलेल्या होत्या, आठवतं? थंडीत अशी चिमणी दिसली की वर्ष भरभराटीचं, असं आई म्हणायची. गेले काही आठवडे तो बाळसं धरतच होता. मी चक्क हात जोडले. किमुराबाईंनी फोटो काढून दिला, तो सोबत आहे.

गाणं हल्ली फारसं होत नाही. सुखवस्तू झाला की गवई आळशी होतो. तुझं ऐकलं ते बरं केलं, डब्याला हात लावायची वेळ काही येत नाही.

नव्या वर्षातही मला असंच दटावत राहा.
तुझा,
शोझो

यातोमी, ५ जानेवारी

चि. शोझोस,

फोटो बघितला आणि तशीच किमुराबाईंना फोन केला. हे पत्र पोचायच्या आधी त्या गाडी घेऊन तुझ्या दारात आलेल्या असतील. तरी लिहिते आहे, कारण हात स्वस्थ बसत नाही.

ओबीवरची चिमणी रानातली रे. घरातलं, उबेतलं पाखरू असं फुगतं ते आजारानं. अंग गार पडायला लागतं म्हणून पिसं फुलवतं. त्याचे डोळे बघ, अर्धे मिटलेत. पाखरू आजार लपवतं, लपवता येईनासा झाला की मगच असं बसतं. लहानपणी शिंका येतात म्हणून तू पाखरांच्या खोलीत फिरकतही नव्हतास, तुला हे कुठून ठाऊक असणार? मीच आधी सांगायला हवं होतं.

पिंजऱ्याखाली गरम पाण्याची पिशवी ठेव. डबा बरोबर घे. बर्फ असेल, सावकाश जा, पण जा.
ताई

ताकाओका, ९ जानेवारी

ती. ताईस सा. न.

कोमे गेला.

कानाझावाला पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टरीणबाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, की यकृत सुजलं आहे आणि आता उपाय नाही. मी विम्याचं विचारलं. त्यांनी लिहिलं, कंपनीनं पैसे दिले असते की नाही कोण जाणे, पण त्या तपासणीत हे तेव्हाच दिसलं असतं, औषधावर आणखी जगला असता. परतताना गाडीत तो माझ्या तळहातावर गेला. डबा मांडीवरच होता.

तुला बोल लावत नाही, ताई. तो बाळसं धरतोय असं मला दिसलं, कारण मला तसंच दिसायला हवं होतं. आझुकी दिवसभर त्याच्या जागेकडे तोंड करून बसते. मादी गात नाही, हे तूच सांगितलं होतंस.

एक मागणं आहे. तिकडे अजून कुणी पाखरं वाढवत असेल तर नराचं एक पिल्लू आण. किमुराबाईंना भिंतीपलीकडून नुसता चिवचिवाट ऐकू यायचा, म्हणजे हात्सुएची शीळ नीट ऐकलेली आता तू एकटीच. पिल्लाला ती शिकव आणि मग इकडे पाठव. मी नुसता बघेन.

तुझाच,
शोझो

यातोमी, २ फेब्रुवारी

चि. शोझोस,
अनेक आशीर्वाद.

आझुकीला कानाझावाला नेऊन तपासून आण. मग विमा काढ, डबा वापर, काय वाटेल ते कर, पण मला विचारू नकोस.

पिल्लू आणलं आहे. रोज सकाळी भांडी घासायला घेते आणि ओठांचा चंबू करते. काही येत नाही, शोझो. टॉवेल आठवतो, निळ्या काठाचा होता. तो पिंजऱ्यावर टाकल्यावर किती बरं वाटलं, तेही आठवतं. शीळ आठवत नाही. रडू येतं, आणि पिल्लू तेवढ्यात मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहतं.

आपली एखादी चाल जुळवून त्याला शिकवावी, असंही मनात आलं. तुला कुठे ऐकू येणार आहे! पण गळा कुठे थांबतो आणि उडी कधी पडते, हे तुला पाठ आहे. पहिल्याच सकाळी तू ओळखशील, आणि मला वाईट वाटू नये म्हणून छान शिकवलंस असं लिहिशील.

म्हणून पिल्लू पाठवत नाही. माझ्यावरचा लोभ उरला असेल तेवढा राहू दे.
तुझी,
ताई