अर्ध्यातून उठलेला प्रेक्षक

३ ऑक्टोबर

महदियाला पोहोचलो. ट्युनिसमधल्या मित्रांनी असा निरोप दिला, जणू मला काळ्या पाण्यावरच धाडत होते. आता त्यांनी येऊन बघावं! पांढरंशुभ्र घर, मागे फरसबंद अंगण, त्यात पाण्याचा नळ आणि एक डाळिंबाचं झाड, गच्चीवरून समुद्र. सकाळी ताजा पाव, ऑलिव्हचं तेल आणि हरीसाची झणझणीत मिरचीची चटणी खाल्ली. इतकं चविष्ट कित्येक वर्षांत खाल्लं नव्हतं.

इथल्या संस्कृती भवनाचा फिल्म क्लब आता माझ्या हाती आहे. गावाची अभिरुची सुधारायची, असं नेमणुकीच्या पत्रात लिहिलंय. पंधरा वर्षं वर्तमानपत्रात परीक्षणं लिहून भल्याभल्यांची झोप उडवली. एक गाव सुधारायला कितीसा वेळ लागणार?

७ ऑक्टोबर

लागेल. जन्म जाईल.

दर शनिवारी दुपारी सिनेमा, मग बदाम घातलेला चहा आणि प्रत्येकाने एकेक सिनेमा सुचवायचा, असा इथला रिवाज. बर्फाच्या कारखान्याचा मालक मोंजी फक्त खुनाचे सिनेमे बघतो. त्याने एक सुचवला आणि लगेच नावाआधी आदराचं ‘सी’ लावून विचारलं, ‘‘खुनी कोण ते सांगू का, सी नौफल?’’ नको म्हणायच्या आत सांगूनही टाकलं. म्हाताऱ्या शादलियाबाईंना भुतांचे सिनेमे आवडतात. निम्मं गाव या सुईणीच्या हातून जन्माला आलंय, त्यामुळे सगळे तिला आदराने लल्ला शादलिया म्हणतात आणि तिच्या भुताखेतांच्या गोष्टीसुद्धा मान डोलावून ऐकतात.

मी बस थांब्यावर वाट बघणाऱ्या म्हाताऱ्याचा सिनेमा सुचवला. दोन तास, एकच दृश्य. मोंजीने गंभीरपणे विचारलं, ‘‘मग बस येते का हो?’’

सगळे हसले. मी सांगितलं, की हा प्रश्न पडणं हीच तुमची शोकांतिका आहे. त्यावर ते आणखी हसले. यांना अपमानही समजत नाही.

१४ ऑक्टोबर

आज शादलियाबाईंची शिफारस. गावातल्याच एका फोटोग्राफरने फार पूर्वी काढलेली एक मूक फिल्म. दर शरदात दाखवतात म्हणे. सुरू व्हायच्या आधी बाई माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, ‘‘बाळा, काहीही झालं तरी शेवटपर्यंत बस.’’ कंटाळवाण्या सिनेमाची याहून प्रामाणिक जाहिरात मी ऐकलेली नाही.

सभागृह खच्चून भरलं होतं. कधी न फिरकणारे लोकही आईवडिलांना घेऊन आले होते. आणि पडद्यावर काय? एक अंगण. आपल्याकडे पाठ करून बसलेली बाई परातीत सुरीने माकूळ मासळी साफ करतेय, तिची काळी शाई फरशीवर सांडतेय. बस्स. ती हळूहळू, मुंगीच्या पावलांनी, आपल्याकडे वळतेय. भीती म्हणे! मला झोप येत होती.

मी उठलो. मोंजीने बाही धरली. ‘‘बसा हो, सी नौफल. थोडंच राहिलंय. आमच्यासाठी बसा.’’ मी मोठ्यांदा म्हणालो, की लग्नाचे फोटो काढणाऱ्याच्या हाती कॅमेरा दिला की असं होतं. एकानेही मान वळवली नाही. दारातून बघितलं तर सगळ्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले होते. बावळट.

१५ ऑक्टोबर

या प्रकारावर लेख लिहून पाठवला. ‘माकूळ आणि मठ्ठपणा’ असं काहीसं शीर्षक सुचलं होतं, खोडलं. ‘माकूळ आणि मूर्ख’ ठेवलं. छान जमलाय. संपादक खूश होईल.

१७ ऑक्टोबर

दुपारी अंगणात एक बाई नळापाशी बसली होती. पाठ माझ्याकडे. घरमालकाने कामाला पाठवली असेल, असं वाटून आत जाऊन पाणी प्यायलो. बाहेर आलो तर नाही. फरशीवर काळी शाई पसरलेली, आणि माकुळाचा वास.

घरमालक म्हणतो, कुणालाच पाठवलं नाही. क्लबातल्या कुणाची तरी चेष्टा. दर्जा त्यांच्या सिनेमांइतकाच.

१८ ऑक्टोबर

शादलियाबाई घरी आल्या. फरशीवरचा डाग बघून खालीच बसल्या. मग सांगू लागल्या: त्या फोटोग्राफरने आपल्या बायकोची फिल्म काढली. बायको त्याच वर्षी वारली. नंतर त्याने ती फिल्म एकट्याने बघितली आणि खुर्चीतच मेलेला सापडला. तेव्हापासून त्याची बायको कुणाच्या ना कुणाच्या अंगणात दिसू लागली. तिला पूर्ण बघावंच लागतं. सगळ्यांनी मिळून बघितली, की प्रत्येकाच्या वाट्याला थोडी थोडी येते आणि ती वर्षभर गप्प राहते.

‘‘तू तुझा वाटा टाकून उठलास, बाळा. आज चल. मी सगळ्यांना बोलावते, पुन्हा बसू.’’

मी विचारलं, की हे संवाद कुणी लिहून दिले? त्या रागावल्या नाहीत. ‘‘माझ्या हातून जन्मला असतास तर कान धरून नेलं असतं,’’ एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

२० ऑक्टोबर

आज कचेरीत. खिडकीखाली बसली होती. कान दिसला. कानात चांदीची कडी. शिपाई तिच्या अंगावरून चालत जाऊन मला कॉफी देऊन गेला.

ताप असणार. इथलं पाणी बाधलं.

२१ ऑक्टोबर

गालाची कड.

सामान उचललं, ट्युनिसच्या सामायिक टॅक्सीत बसलो. गाडी भरली, निघाली. पुढच्या सीटवर ती. ड्रायव्हर तिच्याशेजारी गाणं गुणगुणत होता. तिच्या गुडघ्यांत परात. सुरीचा आवाज — मी दार ठोठावून गाडी थांबवली. लोक शिव्या देत होते. बॅग गाडीतच राहिली.

२२ ऑक्टोबर

मोंजीकडे गेलो. काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तोंडून एवढंच निघालं, की तुमची फिल्म पुन्हा बघायचीय. त्याने टोमणा मारला नाही. कारखाना बंद केला आणि दारोदार गेला.

तासाभरात सगळे आले. ज्यांना मी मूर्ख म्हणून छापलं, ते सगळे. मला मधोमध बसवलं. एका बाजूने मोंजीने हात धरला, दुसरीकडून शादलियाबाईंनी. फिल्म सुरू झाली.

अंगण होतं. परात होती.

बाई नव्हती.

शेवटपर्यंत रिकामं अंगण. मोंजी रडायला लागला. शादलियाबाईंनी मात्र हात सोडला नाही. म्हणाल्या, ‘‘ती निघाली तिथून. आता फक्त तुझ्याकडे आहे.’’

२३ ऑक्टोबर

सकाळपासून सगळे माझ्या घरी. अंगणात, जिन्यावर, गल्लीत. त्यांना ती दिसत नाही. मला दिसते — डाळिंबाखाली — आता नाकाचं टोक —

डोळे मिटले तर पापण्यांच्या आत. जास्त जवळ.

शादलियाबाई म्हणतात, लिही. जे दिसतं ते जसंच्या तसं लिही. आम्ही सगळे वाचू, एकेक ओळ वाटून घेऊ. ‘‘तेवढं तरी आमच्या वाट्याला येऊ दे, बाळा.’’ मोंजी हात पुढे करून उभा आहे. त्याला तीन मुली आहेत, काल कळलं. आजवर कधी विचारलं नव्हतं.

तो वाचेल. हा येडा खरंच वाचेल —

सुरी थांबली.

वळतेय. आता भराभर —

दिसलं.

मोंजी, लल्ला, ऐका. बघण्यासारखं काही नाही. सुमार आहे. चेहरा अगदी सामान्य, अभिनय कच्चा, घाबरण्यासारखं काहीही — हात माझा नाही थांबत, लिहायला लावतेय — नाही लिहिणार — कुणीही बघू नका. कुणालाही सुचवू नका. पंधरा वर्षांत इतकं टुकार मी काही बघि