घाबरलेल्या माणसांचं पुस्तक

सर, तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं झाली. धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतला तुमचा वर्ग आता मी घेते. बायबलमधलं जे शेवटचं पुस्तक तुम्ही एका तासात गुंडाळायचात, ते जगाच्या शेवटाबद्दलचं प्रकटीकरण मी अख्खं सत्र शिकवते.

आमचं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. कारखान्यात बॉयलर फुटून पप्पा गेले त्याला आठवडा झालाय. बॉयलर गळतोय, हे त्यांनी दोनदा लेखी कळवलं होतं. मालक आपल्याच चर्चचे पंच, आणि मम्मीनं त्यांच्यावर पोलिसांत तक्रार दिलेली. तुम्ही, त्याच चर्चचे पाळक, स्टुलावर बसून चहा घेता आणि म्हणता, "बाई, क्षमा करा. न्याय देवाच्या हाती सोपवा." दुसऱ्याच दिवशी मम्मीनं तक्रार मागे घेतली. त्या रविवारी चर्चमध्ये मालकांनी शास्त्रवाचन केलं. त्यांना पुढे तुम्हीच बोलावलंत.

काही वर्षांनी मी तुमची विद्यार्थिनी झाले आणि प्रकटीकरणावर निबंध लिहिला. त्या पुस्तकात मारले गेलेले लोक वेदीखालून देवाला विचारतात, आमच्या रक्ताचा न्याय कधी? मी लिहिलं, जगाचा शेवट म्हणजे तारखा काढत बसणं नव्हे. ज्यांचा खटला कधी उभाच राहिला नाही, त्यांची ती सुनावणी आहे. ती काढून टाकली, तर आपल्या धर्मात मालकांना क्षमा उरते आणि आम्हाला गप्प बसणं. तुम्ही ऑफिसात बोलावून कागद माझ्याकडे सरकवलेत. "हे ईश्वरविज्ञान नाही, सूड आहे. घाबरलेल्या माणसांची स्वप्नं ती. आजच्या शिकलेल्या ख्रिस्ती माणसाला त्यांची गरज नाही."

"मग न्याय देवाच्या हाती सोपवा, असं मम्मीला का सांगितलंत?"

तुम्ही चष्मा पुसलात. "जाताना दार ओढून घे."

दर वर्षी पहिल्या तासाला मी तुमचं ते घाबरलेल्या माणसांच्या स्वप्नांचं वाक्य फळ्यावर लिहिते, खाली तुमचं नाव. मुलं हसतात. मला बरं वाटतं. यंदा एक मुलगी हसली नाही. तिचा भाऊ हिंजवडीत इमारतीच्या परांचीवरून पडून गेला. तिनं विचारलं, "मॅडम, त्या वेदीखालच्या लोकांना उत्तर मिळतं का?"

"अजून थोडं थांबा, असं मिळतं," मी म्हणाले. ती म्हणाली, "पण निदान कुणी ऐकतं तरी."

गेल्या महिन्यात तुमची मुलगी कोथरूडहून रिक्षानं तुमची तसबीर घेऊन आली, ग्रंथालयात लावायला. आता तीही थकलीय. मी म्हणाले, "भिंतीला ओल आहे हो, खराब होईल." बिचारी तसबीर घेऊन परत गेली. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवणार नाही, माळी वाचेल. पण एवढं सांगते, भिंत कोरडी आहे. मी आधी हात लावून पाहिला होता.