कार्ड नसलेल्यांच्या सह्या

शनि., ५ ऑक्टो. २०१३
सकाळभर बाजाराच्या चौकात टेबल लावून उभी. बोटं गारठली. आपल्या गावचं वाचनालय नगरपालिका नवीन वर्षात बंद करणार, पुस्तकं शाळेच्या तळघरात जाणार. त्याविरुद्ध सह्या. फ्राऊ लिंडनर वाचनालयात नोकरीला, त्यामुळे त्यांना टेबलाशी उभं राहता येत नाही. केक ठेवून गेल्या. जर्मनचा एक शब्द येत नव्हता तेव्हा माझ्या लेकीला, यशूला, मांडीवर घेऊन चित्रांचं पुस्तक माझ्या हातात त्यांनीच दिलं होतं. आता आमचं 'डू' आहे, म्हणजे अगं-तूगं. इथे ते उगाच होत नाही.
प्रकाशदादा दहाला आले, पहिली सही केल्यासारखा फोटो काढून घेतला. नगरसभेत निवडून आलेला आपल्यातला हा एकच माणूस. म्हणाले, "वंदना, तू सह्या आण. सभागृहात मी आहे."
बरं वाटलं.

रवि., १३ ऑक्टो.
दादा आणि संध्यावहिनी जेवायला. भरली वांगी, दादांसाठी ठेचा. भीमजयंतीला दादा दरवर्षी बोलतात, विहारातल्या दोन कपाटांच्या वाचनालयात बसून दहावी कशी केली ते. आज यशूला पुन्हा सांगितलं. ती जर्मनमध्येच विचारत होती, ते मराठीत उत्तर देत होते.
जेवणानंतर त्यांनी विचारलं, आपली बाजू कुठे लंगडी आहे? विरोधक कुठे बोट ठेवतील ते आधी माहीत हवं. पटलं. सांगितलं मग. फ्राऊ लि.नी यादी वाचनालयाच्या नोंदींशी पडताळली होती. सही करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोकांकडे वाचनालयाचं कार्डच नाही. ते मुलांच्या कार्डावर नेतात, नाहीतर नुसते पेपर वाचायला बसतात, हेही सांगितलं. हे बाहेर जाऊ देऊ नका म्हटलं.
"अगं, मी काय परका आहे?"

बुध., २३ ऑक्टो.
डार्मश्टाटच्या लॅबमधून परतताना ट्राम चुकली, वाचनालय बंद व्हायच्या आत जेमतेम पोचले. याद्या फाइलला लावल्या. फ्राऊ लि. पहिल्यांदाच हसल्या, दादांमुळे. बंदचा प्रस्ताव दादांच्याच पक्षाचा, पण बहुमत काठावरचं, एक मत फिरलं तरी अडतो.
घरी आल्यावर मिलिंद म्हणाला, दादांकडून लेखी घे. मी चिडले. आपल्या माणसाकडून लेखी?

गुरु., १४ नोव्हें.
काय लिहू.
राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, सभागृहाच्या गॅलरीत बसलो होतो, मी आणि शेजारी फ्राऊ लिंडनर. दादा बोलायला उभे राहिले. टाय मी ओळखला, संध्यावहिनींनी पुण्याहून आणलेला. सुरुवात वाचनालयाच्या महतीने. विहार, दोन कपाटं, सगळं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, पण भावनेवर गाव चालत नाही. सह्या गोळा करणाऱ्यांनीच मला सांगितलंय की सही करणाऱ्या निम्म्याहून जास्त लोकांकडे कार्ड नाही.
लोक हसले. मोठ्याने नाही, पण हसले.
कार्डं नाहीत हे सांगितलं. का नाहीत, ते नाही.
हात वर करा म्हटल्यावर त्यांचा हात वर गेला. त्यांच्या एका हाताने प्रस्ताव मंजूर.
फ्राऊ लि. कोट घालून उठल्या. माझ्याकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

शुक्र., १५ नोव्हें.
कामावर असताना दादांचा फोन. फ्राक्टिओनने म्हणजे पक्षाच्या गटाने आधीच ठरवलं होतं, एकट्याने वेगळं मत दिलं तर पुढच्या वेळी उमेदवारी नाही. मग सभागृहात आपलं कोण राहणार? मला हे समजायला हवं, असं त्यांचं म्हणणं.
मत एक वेळ समजलं, मी म्हटलं. पण कार्डांचं ते मी तुम्हाला माझ्या घरी सांगितलं होतं, दादा.
मग म्हणाले, "खोटं तर नव्हतं ना?"
फोन ठेवला. लॅबमध्ये तीन नमुने चुकीच्या खणात ठेवले. सगळं पुन्हा.

मंगळ., १९ नोव्हें.
यशूला घेऊन तिची पुस्तकं परत द्यायला गेले. फ्राऊ लि.ना वरिष्ठांनी बोलावलं होतं, आतली माहिती बाहेर कशी गेली म्हणून. नोटीस मिळेल बहुधा.
म्हटलं, माझ्यामुळे झालं.
पुस्तकं मोजता मोजता म्हणाल्या, "माहीत आहे. मी ते फक्त तुम्हालाच सांगितलं होतं."
तुम्हाला. 'झी' म्हणाल्या. पाच वर्षांच्या 'डू'नंतर.
दादांनी मला फसवलं हे चार दिवस सगळ्यांना सांगत फिरतेय. आणि मी? फ्राऊ लि.चा विश्वास कुणी मोडला?
घरी दारात यशूने विचारलं, जर्मनमध्येच, तुला पण वाचनालयातून काढलं का.

शनि., ३० नोव्हें.
वाचनालयाच्या वरिष्ठांना पत्र दिलं. माहिती मी फोडली, फ्राऊ लि.नी ती मला विश्वासाने सांगितली होती. उत्तर नाही.
निवृत्त शिक्षक फोग्ट, पेपर वाचायला रोज बसतात ते, घरी आले. म्हणाले, अजून ब्युर्गरबेगेरेन आहे. पुरेशा सह्या झाल्या तर गावालाच मतदान करता येतं. मात्र सही फक्त मतदारांची. मी लगेच पेन उघडलं. त्यांनी हळूच कागद आपल्याकडे ओढला. भारतीय पासपोर्टवाल्याची सही चालत नाही.
टेबल मात्र मला लावता येईल, म्हणाले.
लावणार.

गुरु., ५ डिसें.
कडाक्याचं वारं. जेवताना दादांचा मेसेज आला. "माझी आणि संध्याची सही चालते, आम्हाला मत आहे. शनिवारी चौकात येतो, सगळ्यांसमोर करतो. तू फक्त 'या' म्हण."
मिलिंद म्हणतो, सह्या कमी पडतायत, घे. फोग्टना फोन केला, त्यांचंही तेच, सही ती सही. फ्राऊ लि.ना विचारावंसं वाटलं. कुठल्या तोंडाने?
पश्चात्ताप झाला असेल त्यांना. किंवा चौकात फोटो काढणारं कुणी असेल. मला आता ओळखता येत नाही.
कोरे फॉर्म पिशवीत भरून ठेवलेत. मेसेज दोनदा उघडला. 'या' असं लिहिलं, मग पुसलं.