सहा शिट्ट्या

बाबा,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि माझा राग इंचभरही कमी झालेला नाही. मग उगाच गोड कशाला लिहू?

आज लिहायला बसले ती तुमच्या फोनमुळे. नंबर बंद करायचा म्हणून आईने तो माझ्याकडे दिला. रेकॉर्डरमध्ये सात फायली होत्या. रविवारपासून शनिवारपर्यंत वारांची नावं दिलेल्या, आणि सातही एकाच संध्याकाळी भरलेल्या. मी एस्टोनियाला निघाले त्याच संध्याकाळी!

तिथे रोज सकाळी नऊला तुमचा आवाज यायचा. “सई, काल काय पाहिलंस? थंडी वाजते का? यल्ला, ठेवतो.” रोज तेच, इथे अमिरातीत राहून तुमच्या तोंडी बसलेल्या त्या अरबी ‘चला’सकट. बोलायचं सोडून फाइल कशाला पाठवता, हे मी एकदाही विचारलं नाही. कारण मी मजेत होते. टॅलिनच्या जुन्या गावात दगडी गल्ल्यांतून भटकत होते. तट चढून लाल कौलांचे फोटो काढत होते. लाकडी सॉनामध्ये बर्चच्या डहाळ्यांनी पाठ बडवून घेत होते. आणि तुमचा आवाज चालता चालता दुप्पट वेगाने ऐकून मोकळी होत होते. वेळ वाचवत होते म्हणे! कशासाठी?

खरं तर मला आधीच संशय यायला हवा होता. शाळेची सहल रास अल खैमाच्या डोंगरात गेली तेव्हा बसच्या मागे भाजीची व्हॅन घेऊन आलेला माणूस तुम्हीच ना? मैत्रिणी आठवडाभर हसत होत्या. तो माणूस अचानक म्हणतो, एकटी जा, नाच, गा, घरची काळजी करू नकोस. मला वाटलं, बाबा सुधारले. मी सगळ्यांना सांगत सुटले की माझे बाबा किती मोकळे झालेत.

तुम्ही मोकळे झाला नव्हतात. माझं तिकीट बघून तुम्ही ऑपरेशनची तारीख घेतली होती. स्वतःच्या पोरीच्या हातावर सरळ तुरी दिल्यात.

बुधवारी तुमची छाती उघडली. गुरुवारी पहाटे तुम्ही गेलात. आणि शुक्रवारी सकाळी नऊला तुमचा आवाज आला, “नाचलीस की नाही गं? की कोपऱ्यात उभी राहिलीस माझ्यासारखी?” मी आदल्या रात्री जुन्या रेल्वे कारखान्यातल्या एका बारमध्ये नाचले होते. जूनमध्ये तिथे रात्री अकरालाही उजेड असतो. त्याचा व्हिडिओ तुम्हाला पाठवला आणि खाली लिहिलं, आता तुम्ही नाचून दाखवा. ज्या माणसाला पाठवला तो शवागारात होता, बाबा. हे तुम्ही माझ्याकडून करवून घेतलंत.

शनिवारी दुबईला उतरले तर तुमच्या जागी मामा उभा. अल ऐनच्या आपल्या घरापर्यंतचा दीड तास तो नुसता रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. माझ्या मांडीवर तुमच्यासाठी आणलेला डबा होता. तिथे चॉकलेटात बुडवलेला चक्का मिळतो, अगदी श्रीखंडाच्या वडीसारखा. मला वाटलं, बाबा खूश होतील.

दारातच आईने सांगितलं, आणि मी तिच्यावर ओरडले. इंग्रजीत. राग आला की मला मराठी सुचत नाही, तुम्हाला माहीत आहे. आज मुद्दाम मराठीत लिहितेय, एकही शब्द तुमच्या डोक्यावरून जायला नको म्हणून. आई एवढंच म्हणाली, “हे म्हणाले होते, पोरीची सहल पुरी होऊ दे. मला दुसरं काही सुचलंच नाही गं.” हे ओझं तिच्या गळ्यात बांधून तुम्ही निघून गेलात! त्या शुक्रवारी तिने कोणत्या हाताने ती फाइल पाठवली असेल, याचा विचार केला होतात? शनिवारची मात्र तिला पाठवता आली नाही.

आज सातही फायली ओळीने ऐकल्या. सरळ, साध्या वेगाने. आणि तुमची चोरी सापडली. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना, तसं झालं. त्या संध्याकाळी आईने कुकरला हरभरे लावले होते. रविवारच्या फाइलमध्ये नुसती वाफेची फुसफुस. सोमवारी पहिली शिट्टी, मंगळवारी दुसरी. शुक्रवारी, त्या नाचाच्या प्रश्नात, पाचवी. आपल्या घरी आई कुकर लावते आणि शिट्ट्या तुम्ही मोजता, हे मला जन्मापासून ठाऊक. सकाळी नऊला आपल्याकडे हरभरे कधी शिजलेत? आवाज आधीच भरून ठेवलाय हे दुसऱ्याच दिवशी कळलं असतं, खोदून विचारलं असतं. मंगळवारी विमानात बसले असते, बुधवारी तुमच्या उशाशी असते. नीट ऐकलं असतं तर. हा राग तुमच्यावर नाही, माझ्यावर आहे. तोही तुम्हालाच लिहितेय.

शनिवारची फाइल मी आज पहिल्यांदा ऐकली. वाटलं होतं, इथे तरी काहीतरी सांगाल. सॉरी म्हणाल. “आणायला येतो गं विमानतळावर,” एवढंच. मग सहावी शिट्टी. आतून आई विचारते, “अहो, सहा झाल्या का?” आणि तुम्ही म्हणता, “थांब सई, गॅस बंद करून येतो.”

मग तुमच्या चपलांचा आवाज, आणि फाइल संपते.

आई हल्ली कुकर लावते आणि खिडकीशी जाऊन बसते. शिट्ट्या मोजत नाही. परवा डाळ करपली.

माफ करेन असं वचन मी देणार नाही. पण घरात कुकर लागला की मी हातातलं सगळं सोडून मोजेन. सहा झाल्या की मीच उठून गॅस बंद करेन. तुम्ही येतो म्हणालात, बाबा, आणि आला नाहीत.

तुमच्यावर अजून रागावलेली,
सई