कॅप्टनसाहेबांनी दिलेली तारीख

आदरणीय कॅप्टनसाहेब,

परवा बदलापूरला तुमच्या घरी तुमच्या नातीचा, तेजस्वीचा हात मागायला आलो, तो भांडायच्या तयारीनेच. एकाहत्तरच्या लढाईतला अधिकारी, नंतर वकील, मग नगरसेवक. असा माणूस हाकलणारच, वाटलं. तुम्ही मला ताठ उभं करून उलटतपासणी घेतलीत.

"कॉलेज का सोडलंस?"

"सरांशी भांडलो. आता कॅम्प तीनमधल्या कारखान्यात जीन्स शिवतो."

"हिच्याशीही भांडशील?"

"भांडतो की. तीच जिंकते, आजोबा."

तुम्ही हसू दाबून म्हणालात, "दिवाळीनंतर ये, आईवडिलांना घेऊन."

माझं डोकंच फिरलं, वाटलं, टाळताय मला. जिन्यात तेजस्वी म्हणाली, "येड्या, ज्याला टाळायचं त्याला आजोबा लगेच हो म्हणतात. तारीख दिली म्हणजे केस दाखल करून घेतली."

तेव्हापासून मी खूश आहे. पत्र मात्र टाकत नाही. वकिलाला लेखी काही द्यायचं नाही, असंही तीच म्हणते.

मनातल्या मनात तुमचा नातजावई,
भूपेश