काळ्या टोकांचे व्हॉल्व्ह

३ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. वि. वि. आम्ही ठीक. तुझं पत्र नाही म्हणजे तूही ठीकच असणार.

कामाचं लिहिते. तुझ्या दाजींचा प्रीअँप मेला. रेकॉर्डचा बारीक आवाज उचलून मोठ्या ॲम्प्लिफायरला देतो तो डबा. तू रेडिओ दुरुस्त करतोस, तुला सांगायला नको, पण मलाच आता कुठे कळलं म्हणून लिहिते. इथला दुरुस्तीवाला म्हणाला, याची आशा सोडा. दाजींना दुसराही व्हॉल्व्हचाच हवा, आत काचेच्या तापणाऱ्या नळ्या असतात तो, आणि तसे आता जुनेच मिळतात.

डोळे गेल्यापासून त्यांनी शिलाई मशीनला हात लावला नाही की उंबरठा ओलांडला नाही. रेकॉर्डी लागायच्या तेवढा वेळ माणसात असायचे. आता भिंतीकडे तोंड करून बसतात. जेवायला हाक मारली तरी उठत नाहीत. मी इस्त्रीचं दुकान बघू की यांची समजूत काढू?

दोन डबे बघून ठेवलेत. एक जुन्या सामानाच्या दुकानात, एक दातांच्या डॉक्टरांकडे. कुठला घेऊ ते लगेच कळव. लगेच म्हणजे तुझं लगेच नव्हे, माझं.

तुझ्या बायकोला माझी आठवण सांग. ती तुला सहन करते म्हणून तिच्यावर जास्त लोभ.

तुझी ताई

८ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. पत्र काल मिळालं, उत्तर आज लिहितोय, याची नोंद व्हावी.

डब्याच्या पॉलिशवर जाऊ नकोस. आतले व्हॉल्व्ह बघ. काचेच्या टोकाला आतून काळपट चंदेरी मुलामा असतो, तो असायलाच हवा. तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेत हवा शिरली, व्हॉल्व्ह कामातून गेला. आणि वाजवून ऐकल्याशिवाय घेऊ नकोस. तुझा स्वभाव माहीत आहे म्हणून परत लिहितो, ऐकल्याशिवाय घेऊ नकोस.

दाजींना नमस्कार. रागवायचं तर रागव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा धाकटा

१२ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. तुझं शहाणपण पोचलं तेव्हा डबा घरात येऊन बसला होता.

दुकानातला घेतला. आरशासारखा लख्ख, आणि आतल्या चारातल्या दोन काचांची टोकं पांढरीशुभ्र. डॉक्टरांकडच्या काचा वरून काळ्या, मला वाटलं जळक्या. आयुष्यभर लोकांचे डाग काढते मी, काळं टाकून पांढरंच उचलणार ना? दुकानदाराकडे रेकॉर्ड लावून ऐकवायला काही नव्हतं. मीही म्हटलं, दिवा लागतोय ना, बांधा.

घरी लावला तर ढिम्म. मी डब्याला दोन थापट्या मारल्या. तेव्हा तुझे दाजी खुर्चीतून उठले, चाचपडत आले आणि काचांवरून बोटं फिरवली. म्हणाले, हे दोन गरम आहेत, हे दोन गार. मग मला विचारलं, गारांची टोकं कशी दिसतात? मी सांगितलं पांढरी, म्हणून तर घेतला. तर हसले, धाकट्या. माझ्या मूर्खपणाला का होईना, हसले. आणि परत जाऊन भिंतीकडे बसले.

आता काय करू? त्यातले व्हॉल्व्ह बदलता येतील का?

ताई

१६ जानेवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. बदलता येतील, पण मेलेले व्हॉल्व्ह चमकवून विकणाऱ्याचा उरलेला माल काय लायकीचा असेल? परत कर. भांडायला मी येत नाही, दुकानदाराची दया येते.

डॉक्टरांकडचा चालू करून ऐका. पेन्सिलीने प्रत्येक व्हॉल्व्हवर हलकी टिचकी मारायची. स्पीकरमधून घंटा वाजल्यासारखा आवाज घुमला तर नको म्हणायचं. पण हे तुला जमणार नाही. ऐकायला गप्प बसावं लागतं. दाजींना घेऊन जा.

येणार नाहीत असं लिहू नकोस. त्यांना विचार.

तुझा धाकटा, कान उपटून घ्यायला तयार

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,

अ. उ. आ. वि. वि. दुकानदाराने डबा परत घेतला. मी त्याच्या स्टुलावर बसून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला पांढरी टोकं दाखवत होते, तो तरी काय करणार.

दाजींना विचारलं. नाही म्हणाले. मी म्हटलं, ठीक, मी एकटी जाते आणि मला आवडेल तो घेऊन येते. धाकट्या, त्यांनी स्वतः चपला शोधल्या.

माझ्या खांद्यावर हात ठेवून चालले. मी सवयीने भरभर, तर म्हणाले, इस्त्री पेटती ठेवून आलीस का? डॉक्टरांकडे मी टोकं बघून काळी आहेत म्हणाले, त्यांनी टिचक्या मारल्या. एक घुमला. डॉक्टरांनी खणातून जास्तीचा काढून दिला, तो गप्प निघाला. मग रेकॉर्ड लावली. मी म्हटलं छान आहे, घेऊ या. त्यांनी मला सगळ्यांदेखत गप्प केलं आणि पूर्ण बाजू ऐकली. मला किती कामं पडली होती, तरी मी बसले.

डबा आणला, वाजतोय. पण खरी बातमी ती नाही. परतताना वाटेत दुकान उघडून कपड्यांचा गठ्ठा घ्यायचा होता. तो बाहेर ठेवून मी कुलूप लावतेय, तोवर हे गठ्ठ्यात हात घालून म्हणाले, हा सदरा सुती नाही, मिश्र आहे, फार गरम इस्त्रीने आकसतो, आणि कॉलर उलटी शिवलीय. शिंप्याची जात. मी म्हटलं, घरी बसून बोलायला काय जातंय, दुकानात येऊन काम करून दाखवा.

उद्यापासून दुकानात येतायत. इस्त्रीला हात लावू देणार नाही, घड्या घालतील. पहिल्याच दिवशी माझ्या घड्यांना नावं ठेवणार, मला माहीत आहे. ठेवू देत.

पुढच्या पत्राची वाट बघायला लावू नकोस, माया आहे तोवर लिहीत जा.

तुझी ताई